मालक, प्रोग्रामर आणि सव्वा मीटरचे तुकडे

आपल्या समाजातील पुष्कळ मुले आज पुणे, हैदराबाद येथील संगणक कंपन्यांत नोकरीला आहेत. त्यांच्या बोलण्यात एक हुद्दा वारंवार येतो : प्रॉडक्ट मॅनेजर. हा मनुष्य स्वतः प्रोग्राम लिहीत नाही. गिऱ्हाइकाला काय हवे ते जाणायचे, ते प्रोग्राम लिहिणाऱ्या डेव्हलपरला समजावायचे आणि माल वेळेवर बाजारात आणायचा, हे त्याचे काम. कापडाच्या धंद्यात व्यापारी आणि रंगारी यांच्यात जे घडते, तेच येथेही घडते. व्यापारी "लाल" म्हणतो, रंगारी लाल रंगवतो आणि गठ्ठा उघडल्यावर भांडण जुंपते; कारण नमुन्याची चिंधी कोणी दिलेलीच नसते.

रिसोड तालुक्यातील आमच्या केनवडमध्ये हा अनुभव आम्ही स्वतः घेतला. दुकानासाठी बिलाचा व साठ्याचा प्रोग्राम एका होतकरू मुलाकडून करून घेतला. त्याला आम्ही एवढेच सांगितले की, साठा किती उरला ते दिसले पाहिजे. त्याने तसे करून दिले. एके दिवशी गिऱ्हाइकाने एका शर्टिंगचे पाच मीटर मागितले. संगणक सव्वाअकरा मीटर दाखवीत होता. फळीवर पाहतो तो सव्वा-सव्वा मीटरचे नऊ तुकडे! आम्ही मुलावर रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, तुम्ही साठा म्हणालात, तुकडे म्हणाला नाहीत." बोलणे खरे होते. थान आणि कटपीस यांतला फरक आमच्या हाताला ठाऊक होता, तोंडावाटे कधी निघाला नव्हता.

मग बाजाराच्या दिवशी त्याला सकाळपासून गादीवर बसवले. कापड फाडणे, परत आलेला माल, सोयाबीन विकल्यावर फेडायची उधारी, सारे त्याने डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी त्यानेच सुचवले की प्रत्येक थानाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि उरलेला तुकडा त्याच क्रमांकाखाली दिसावा. आम्हाला हे सुचलेच नसते. तेव्हापासून आम्ही त्याला उपाय सांगत नाही, अडचण सांगतो.

क्विक हीलचे कैलास आणि संजय काटकर यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हे कुटुंब. कैलास यांचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुण्यात ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्तीला लागले. व्हायरसने बिघडलेली यंत्रे घेऊन गिऱ्हाइके येत, ते गाऱ्हाणे कैलास ऐकत. संगणकशास्त्र शिकलेले धाकटे बंधू संजय त्यावर प्रोग्राम लिहीत. १९९५ मध्ये कंपनी झाली, २००७ मध्ये तिला क्विक हील हे नाव मिळाले आणि २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. एकाने बाजार सांभाळला, दुसऱ्याने प्रोग्राम. अर्थात भाऊ असले की अर्धे काम न बोलता होते. परक्या माणसाशी मात्र लिहून घ्यावे लागते. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि लिहिणाऱ्याला त्रास देऊ नये अशी ताकीदही तेथेच आहे. पहिला भाग आपण व्यापारी लक्षात ठेवतो.

त्रास म्हणजे काय? तासातासाला फोन करणे हा एक. हिशेबाची लांब बेरीज चालू असताना कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. प्रोग्राम लिहिणाऱ्याचेही तसेच आहे. आम्ही दिवसभराचे प्रश्न कागदावर टिपतो आणि ठरल्या वेळी एकदाच विचारतो. दुसरा त्रास याहून मोठा : त्याला न विचारता तारीख देणे. ईदच्या आत सगळे चालू होईल असे आम्ही घरात आणि भागीदाराला सांगून बसलो होतो. मुलाच्या हिशेबाने तीन आठवडे लागणार होते. घाईत काम झाले, ऐन गर्दीत बिलांच्या बेरजा चुकल्या आणि चाँदरातीला पावत्या हाताने लिहाव्या लागल्या. बोल मात्र त्या मुलाला लागला. तो आमचा होता, हे भागीदारासमोर कबूल करायला आम्हाला दोन महिने लागले.

तुकड्यांचे काम ठरलेल्या रकमेत नव्हते. मुलगा मागायला संकोचत होता. आम्हीच वेगळे पैसे दिले आणि त्याच आठवड्यात दिले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. पूर्वी १००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. आम्ही फोनवर फक्त नवे आकडे सांगितले. त्याने उलट विचारले : ही सीमा नगावर की पूर्ण बिलावर? सूट धरण्याआधी की नंतर? पूर्वीचे आम्ही असतो तर "फार प्रश्न विचारतोस" म्हणून फोन ठेवला असता. या वेळी करसल्लागाराकडे गेलो, सीमा नगावर आहे आणि बिलातली सूट वजा करून धरायची हे विचारून आलो व त्याला लिहून पाठवले. त्याच रात्री दर बदलले, आणि सकाळचे पहिले बिल बरोबर निघाले.