पेशीतील बिऱ्हाडकरू

गोड्या मसाल्यात घालावयाचे दगडफूल पुण्यातील मसाल्याच्या दुकानांत मिळते. त्याला फूल म्हणतात खरे, परंतु ते फूल नव्हे; बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी आसरा देते व ओलावा धरून ठेवते. शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांच्या अनेक जातींचे नमुने जतन केलेले आहेत.

याहूनही निकटचा असा एक संसार प्रत्येक मनुष्याच्या आणि प्रत्येक वृक्षाच्या शरीरात चालू आहे.

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशी म्हणजे जणू जुना पुणेरी वाडा. त्यातील दोन बिऱ्हाडे फार महत्त्वाची आहेत. पहिले तंतुकणिकेचे. तिला दोन आवरणे असून आतल्या आवरणाला पुष्कळ घड्या असतात. त्यामुळे थोड्या जागेत अधिक काम होते. श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने ती अन्नातील ऊर्जा मोकळी करते. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाला बळ मिळते ते मुख्यतः तिच्यामुळे. दुसरे बिऱ्हाड हरितलवकाचे. ते वनस्पतींच्या हिरव्या भागांत असते. त्याच्या दुहेरी आवरणाच्या आत हिरव्या चकत्या नाण्यांच्या चवडीप्रमाणे रचलेल्या असतात. तेथे पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून सूर्यप्रकाशात शर्करा तयार होते आणि प्राणवायू बाहेर पडतो.

ही बिऱ्हाडे आली कोठून? रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की हे दगडफुलांचेही अभ्यासक होते. हरितलवके पूर्वी स्वतंत्र जीव असावेत, असे त्यांनी १९०५ साली मांडले. पण ते फारसे कोणाला पटले नाही. पुढे अमेरिकेतील लिन मार्ग्युलिस यांनी दोन्ही घटकांविषयी हाच विचार नव्याने मांडला. अनेक नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठविला. तरीही त्या खचल्या नाहीत. अखेर १९६७ साली तो प्रसिद्ध झाला.

मतभेद मिटविले ते पुराव्यांनी. या दोन्ही घटकांत स्वतःचा डीएनए सापडला. ते जीवाणूंप्रमाणेच दुभंगून आपली संख्या वाढवितात. डीएनए ताडून पाहता हरितलवकाचे नाते नीलहरित जीवाणूंशी, तर तंतुकणिकेचे नाते जीवाणूंच्या दुसऱ्या एका कुळाशी जुळले. सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याही आधी, एक जीवाणू दुसऱ्या सूक्ष्म जीवाच्या आत राहिला आणि त्याची तंतुकणिका झाली. हरितलवक त्यानंतर आले.

काळाच्या ओघात या बिऱ्हाडकरूंची बहुतेक जनुके नाहीशी झाली किंवा पेशीच्या केंद्रकात गेली. मनुष्याच्या तंतुकणिकेत आज अवघी ३७ जनुके आहेत. ती आता वाड्याबाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाही आणि तिच्यावाचून वाड्याचाही निभाव लागत नाही.

जीवसृष्टीत झुंज आहे, हे खरे. परंतु पाने हिरवी आहेत आणि श्वासाचे बळ होते, ते एका प्राचीन सहवासामुळे.

शब्दार्थ : चवड – एकावर एक रचलेला ढीग. ताडून पाहणे – तुलना करून पाहणे. निभाव लागणे – टिकून राहणे.

प्रश्न :
१. दगडफुलाला ‘संसार’ का म्हटले आहे?
२. तंतुकणिका व हरितलवक पूर्वी स्वतंत्र जीव होते, याचे पुरावे सांगा.
३. मार्ग्युलिस यांच्या कोणत्या गुणाचे दर्शन या पाठात घडते?