जुन्या जीपला नवे इंजिन

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जमीन कपाशीची, काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून चिकट होते. शेतात चार पावले टाकली की जोड्याला मातीचा गोळा चिकटतो. जोड्याची ही गत, तर गाडीच्या चाकांची काय होत असेल!

समजा, अशा गावात एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी जुनी पेट्रोल जीप उभी आहे. तो म्हणतो, “हिले डिझेलचं मोठं इंजिन बसवतो, मंग पाय चिखलातून कशी निंगते! अन् खर्चही वाचते.” त्याच्या बोलण्यात दोन विधाने आहेत. पैसे खर्च होण्यापूर्वी आपण ती गणिताने तपासून पाहू.

जीप आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी तशीच गाडी काढली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. विलीजच्या त्या पेट्रोल इंजिनाला चार सिलिंडर होते आणि शक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांना सुमारे ६० अश्वशक्ती होती.

१९७३ मध्ये खनिज तेलाचे संकट आले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. पेट्रोल परवडेना, म्हणून कित्येक मालकांनी गॅरेजमध्ये जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढविले. पुढे कंपनीच्याच जीपमध्येही डिझेल इंजिने येऊ लागली.

पहिले विधान: ताकद वाढेल

इंजिनाचा फिरविण्याचा जोर म्हणजे आघूर्ण; गॅरेजमध्ये त्याला टॉर्क म्हणतात. विलीज इंजिनाचे आघूर्ण जास्तीत जास्त सुमारे १४२ न्यूटन-मीटर असे. हा जोर थेट चाकाला मिळत नाही. वाटेत तीन ठिकाणी दंतचक्रे असतात आणि प्रत्येक ठिकाणी फेऱ्या कमी होऊन जोर वाढतो. शेतीसाठीच्या जीपमध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.८, ट्रान्सफर केसच्या ‘लो’ गिअरचे २.४६ आणि ॲक्सलमधील क्राउन-पिनियनचे ५.३८ असे. तिघांचा गुणाकार करा:

२.८ × २.४६ × ५.३८ = सुमारे ३७

म्हणजे इंजिनाच्या ३७ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते आणि जोर ३७ पट होतो. १४२ × ३७ म्हणजे सुमारे ५२५० न्यूटन-मीटर. घर्षणात पाचवा भाग गेला असे धरले तरी ४२०० उरतात. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर, तिने भागले की जमिनीवर सुमारे ११,७०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १२०० किलोग्रॅम वजनाएवढा रेटा मिळतो. चालकासह जीपचे वजन धरा ११०० किलोग्रॅम. म्हणजे जुने इंजिनच गाडीच्या वजनापेक्षा अधिक रेटा देऊ शकते.

मग जीप चिखलात का अडकते? कारण रेटा चाकाने द्यायचा असला तरी तो जमिनीने सोसला पाहिजे. निसरड्या मातीचा घर्षणांक ०.३ धरला, तर चारही चाके मिळून जमीन फक्त ११०० × ०.३ = ३३० किलोग्रॅमचा रेटा सोसते. इंजिनाचा जोर त्याच्या साडेतीन पट आहे! जादा जोराने चाक नुसते जागच्या जागी फिरते आणि अधिक खोल रुतते. म्हणून शेतकऱ्याचे पहिले विधान टिकत नाही. चिखलासाठी इंजिन बदलण्याऐवजी खोल नक्षीचे टायर बसविणे बरे. टायरमधील हवा थोडी कमी केली की तो जमिनीवर अधिक पसरतो आणि कमी रुततो. मात्र पक्क्या रस्त्यावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे.

दुसरे विधान: खर्च वाचेल

हे मात्र बरेचसे खरे आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात वायुमिश्रण सुमारे साडेसहा पट दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात नुसती हवा सुमारे वीस पट दाबली जाते. ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जितके दाबणे जास्त, तितका उष्णतेचा अधिक भाग कामात येतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते. पण भावातील फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. २०१४ मध्ये डिझेलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रणही उठले. तेव्हा वर्षाला किती किलोमीटर धावायचे, यावरच इंजिनाचा खर्च भरून निघेल की नाही हे ठरते.

एक बदलले की दुसरे बदलते

आता खरी मेख पाहा. जीपच्या चाकाचा परीघ सुमारे २.२६ मीटर आहे. टॉप गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल, तर चाकाच्या ४००० ÷ ५.३८ = ७४३ फेऱ्या होतात आणि वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो. ट्रॅक्टरच्या जातीचे, मिनिटाला २५०० फेऱ्यांचे डिझेल इंजिन बसविले, तर तीच जीप ६३ किलोमीटरवर थांबते. इंजिन ओरडत राहते, पण गाडी पुढे धावत नाही.

मग क्राउन-पिनियन बदलावे लागते. तेही फक्त मागचे बदलून चालत नाही. पुढचे आणि मागचे गुणोत्तर वेगळे झाले, तर चारही चाके जोडताच पुढची चाके एका गतीने आणि मागची दुसऱ्या गतीने फिरू पाहतात. शेवटी सर्वांत कमजोर दंड तुटतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडपट्टी बसवितात. दोघांचे अक्ष एका रेषेत हवेत. मिलिमीटरच्या दशांशांतील चूकही बेअरिंग खाते. नवे इंजिन लांब असेल, तर गिअरबॉक्स मागे सरकतो आणि प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. त्याच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे नसतील, तर गाडी थरथरते. कारण असा जॉइंट तिरका फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा पुढे-मागे गती देतो. दोन्ही कोन सारखे असले तरच एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो.

डिझेल इंजिन सहसा जड असते. पुढच्या स्प्रिंगा दबतात, स्टिअरिंग जड होते आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. म्हणून ब्रेकचा विचार इंजिनाआधी करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

मग आपल्या शेतकऱ्याने काय करावे? जीप वर्षातून थोडेच दिवस शेतात जात असेल, तर जुने इंजिन दुरुस्त करून चांगले टायर घ्यावेत. रोज धावत असेल, तर डिझेलचा विचार करावा. पण इंजिनापासून चाकापर्यंत सगळी साखळी मोजूनच.

करून पाहा

१. सायकल उलटी उभी करा. पायडलच्या आणि मागच्या चाकाच्या दंतचक्राचे दाते मोजून भागाकार काढा. मग पायडल एक फेरी फिरवून मागचे चाक किती फिरते ते पाहा. दोन्ही उत्तरे जुळतात का?

२. विलीज इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७.९४ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ११.११ सेंटिमीटर. चार सिलिंडरांचे एकूण घनफळ काढा. (उत्तर: सुमारे २२०० घन सेंटिमीटर.)