हजरत मरयम (अ.) यांना मिळालेला दिलासा आणि आपली जबाबदारी

प्रसूतीच्या वेदनांनी व्याकूळ झालेल्या एका स्त्रीचा प्रसंग दिव्य कुरआनाने सूरह मरयममध्ये (१९:२२-२६) सांगितला आहे. हजरत मरयम (अ.) वस्तीपासून दूर आहेत, एकट्या आहेत. वेदना त्यांना खजुरीच्या बुंध्यापाशी आणतात. याआधीच आपल्याला मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडून निघून जाते. अल्लाहने निवडलेल्या एका पवित्र स्त्रीचे हे उद्गार आहेत, आणि या उद्गारांबद्दल तिथे त्यांना दोष दिलेला नाही.

त्या क्षणी त्यांना काय मिळाले, हे आपण लक्षपूर्वक पाहावे. प्रथम मिळाला धीर : दुःखी होऊ नये, असे सांगितले गेले. मग पायाशी वाहता झरा मिळाला आणि ताजी खजूर मिळाली. शेवटी, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या ओझ्यातून सुटका मिळाली. धीर, पाणी, अन्न आणि विश्रांती. आपल्या मोहल्ल्यातील गर्भवती निर्जन रानात नसते, घरात असते. परंतु भरल्या घरातही ती या चारही गोष्टींना पारखी असू शकते. तसे होत असेल तर त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल, याचा विचार या पाठात करू.

बुंधा हलविण्याची आज्ञा

ज्या अल्लाहने झरा दिला, तो खजूरही थेट हाती देऊ शकला असता. तरीही त्या अशक्त अवस्थेत हजरत मरयम (अ.) यांना बुंधा हलविण्यास सांगितले गेले. तवक्कुल म्हणजे उपाय सोडून बसणे नव्हे, हा बोध यातून मिळतो. ‘बायका पूर्वीपासून बाळंत होतच आल्या आहेत, अल्लाह करील ते बरेच’ असे म्हणून तपासणी टाळणे ही श्रद्धा नव्हे, हेळसांड होय.

आपल्या राज्यात हे उपाय दाराशी आलेले आहेत. दिवस गेल्याचे कळताच, पहिल्या १२ आठवड्यांच्या आत, आशा सेविका किंवा आरोग्य उपकेंद्राकडे नोंद करावी आणि माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. प्रसूतीपर्यंत किमान ४ तपासण्या व्हाव्यात. रक्तवाढीच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे रोज घ्याव्यात. त्या कपाटात ठेवण्यासाठी नसतात. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गर्भवतींची विशेष तपासणी होते. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि ने-आण यांसाठी पैसे पडत नाहीत. ही कोणाची मेहरबानी नव्हे, तो मातेचा हक्क आहे.

आईचा भार कोणी उचलायचा?

आईने अशक्ततेवर अशक्तता सोसून मुलाला पोटात वाढविले, याची आठवण सूरह लुकमान (३१:१४) करून देते. सूरह तलाक (६५:६) त्याही पुढे जाते. तलाक दिलेली पत्नी गर्भवती असेल तर प्रसूती होईपर्यंत तिचा खर्च पतीवर आहे. आता विचार करा : नाते तुटल्यावरही जी जबाबदारी सुटत नाही, ती नाते टिकून असताना किती मोठी असेल! सूरह बकरा (२:२३३) दूध पाजणाऱ्या मातेचे अन्न-वस्त्र पित्याकडे सोपविते, मुलामुळे आईला त्रास होऊ नये असे बजावते, आणि दूध सोडविण्याचा निर्णयही दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने व्हावा असे शिकविते. म्हणजे मूल ही केवळ आईची बाब नाही. पित्याने तपासणीला सोबत जावे, गोळ्यांची आठवण ठेवावी, रात्री रडणाऱ्या बाळाला खांद्यावर घ्यावे.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, अनेक घरांतील कर्ता पुरुष आखातात असतो. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर फोन लागण्याची, परवानगी येण्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून निघावे. ती परवानगी पतीने सातव्या महिन्यातच घरातील सर्वांसमोर देऊन ठेवावी. स्त्री डॉक्टर मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास जिवाच्या निकडीपुढे शरीअतने सवलत ठेवली आहे. रोजाच्या बाबतीतही गर्भवती व दूध पाजणाऱ्या मातेला सवलत असल्याचे हदीसमध्ये आले आहे. ही सवलत घेणाऱ्या सुनेला टोमणे मारणे म्हणजे अल्लाहने दिलेली सोय तिच्याकडून हिरावून घेणे होय.

पहिले दूध

बाळाच्या कानात अजान देण्यास दोन-तीन मिनिटे लागतात. परंतु अजान देणारे वडीलधारे येईपर्यंत बाळाला तासन्‌तास उपाशी ठेवण्याची प्रथा धर्माने शिकविलेली नाही. जन्मानंतर पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी जावे. पहिले पिवळसर, घट्ट दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकले जाते. वस्तुतः रोगांपासून रक्षण करणारे घटक त्यातच विपुल असतात. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध द्यावे. घुट्टी नको, पाणीही नको. मध एक वर्षापर्यंत देऊ नये, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तहनीक ही प्रिय सुन्नत आहे, पण फर्ज नाही. ती करायची असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि स्वच्छतेने करावी. ६ महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत दूध चालू ठेवावे, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. पूर्ण दोन वर्षांची ही मुदत कुरआनातही आहे.

‘दुःखी होऊ नकोस’

चिल्ल्याच्या दिवसांत बाळाला पाहायला सारे येतात, आईला पाहायला कोणी येत नाही. निफासचे नियम नमाज-रोजाविषयी आहेत. आईला अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवण्याविषयी नाहीत. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप उडाली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर तो आजार आहे. तो जिन्नाचा फेरा नव्हे, इमानाची कमतरताही नव्हे. दुआ अवश्य करावी आणि डॉक्टरांकडेही न्यावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मोफत सल्ला मिळतो.

हजरत उमर (रजि.) यांच्या दोन रात्री

इतिहासग्रंथांत दोन प्रसंग येतात. एका रात्री मदीनेबाहेरच्या तंबूत एक परकी स्त्री प्रसूतीवेदनांनी कण्हत होती. हजरत उमर (रजि.) घरी गेले आणि पत्नी उम्मे कुलसूम यांना घेऊन आले. त्या आत प्रसूतीला मदत करीत होत्या आणि मुस्लिमांचे खलीफा बाहेर चूल पेटवून अन्न शिजवीत होते. दुसऱ्या एका रात्री एक बाळ सतत रडताना त्यांनी ऐकले. दूध सुटलेल्या मुलांनाच बैतुलमालमधून निर्वाहभत्ता मिळतो, म्हणून आई त्याचे दूध लवकर तोडत होती. आपल्याच नियमामुळे बालके उपाशी राहिली, या जाणिवेने ते रडले आणि जन्मापासूनच भत्ता देण्याची घोषणा त्यांनी केली.

पहिला प्रसंग शेजाऱ्याचे कर्तव्य शिकवितो, दुसरा समाजाच्या व्यवस्थेचे. आपल्या मशिदीच्या कमिटीला आणि भगिनींच्या इज्तिमालाही हे जमण्यासारखे आहे. मोहल्ल्यातील रक्तदात्यांची रक्तगटानुसार यादी ठेवावी. रात्री कोणाचे वाहन मिळेल, हे ठरलेले असावे. बाळंतिणीच्या घरी पहिले काही दिवस आळीपाळीने जेवण पोहोचवावे आणि तिच्या मोठ्या मुलांना सांभाळावे. पात्र गरीब कुटुंबाला जकातीतून आधार द्यावा. एका जीवाला वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, ही शिकवण (५:३२) आपण भाषणांत वारंवार ऐकतो. तिची कसोटी शेजारच्या घरात लागते.

घरात एकत्र बसून विचार करा

१. आपल्या घरातील वा शेजारच्या गर्भवतीची नोंद झाली आहे का? तिच्या गोळ्या चालू आहेत का?

२. आज रात्री तिला रुग्णालयात न्यावे लागले तर वाहन, रक्त आणि सोबत कोण देईल?

३. मागच्या बाळंतपणात आपण आईला किती प्रश्न विचारले आणि किती धीर दिला?

अल्लाह आपल्या माता-भगिनींना सुखरूप ठेवो आणि त्यांचा भार वाटून घेण्याची सद्बुद्धी आपल्याला देवो. आमीन.