कोरियन भाषेतील भविष्यकाळ : मराठीच्या आधाराने

भविष्यकाळ म्हटला की शाळेतले पाठांतर आठवते : मी जाईन, तू जाशील, तो जाईल. काळ तीन, त्यांतला तिसरा हा, आणि त्याचे प्रत्यय ठरलेले, अशी आपली समजूत असते. कोरियन भाषा शिकू लागले की ही समजूत डळमळू लागते. तेथे पुढे घडणारी गोष्ट सांगायला निदान चार प्रकार समोर येतात. मी ज्या इंग्रजी पुस्तकावरून शिकलो त्यात चौघांचाही अर्थ 'विल' या एकाच शब्दाने दिलेला होता. मग कोठे काय वापरावे ते कळेना.

प्रस्तुत लेखात हे चार प्रकार मराठीच्या आधाराने पाहावयाचे आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे : कोरियनमध्ये 'केव्हा' यापेक्षा 'बोलणारा कशाच्या बळावर बोलतो' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि हा भेद आपण मराठीत रोज करतो, फक्त त्याची जाणीव आपल्याला नसते.

प्रारंभी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. कोरियन वाक्यातही कर्ता, कर्म, क्रियापद असाच क्रम असतो. पण क्रियापद लिंग, वचन आणि पुरुष यांप्रमाणे बदलत नाही. 'जाईन, जाशील, जाईल' या सर्वांना रूप एकच. दुसरे असे की, मूळ हांगुल लिपीतले शब्द येथे देवनागरीत दिले आहेत, तेव्हा उच्चार जवळपासचे समजावेत. शेवटचा 'यो' सभ्यपणे बोलण्याचा आहे.

१. नेहमीचा वर्तमानकाळ

'नेइल' म्हणजे उद्या, 'गा' म्हणजे जाणे. 'नेइल गायो' म्हणजे 'उद्या जातो'. 'गायो' हे रूप वर्तमानकाळाचेच आहे. आपणही 'परवा गावाला जातो' असे म्हणतोच. बेत पक्का असला आणि दिवस सांगितला की वेगळ्या प्रत्ययाची गरज उरत नाही.

२. 'ल कॉयेयो' : ठरलेले, किंवा मनाशी धरलेले

'गाल कॉयेयो' म्हणजे 'जाणार आहे'. स्वरान्त धातूला 'ल' लागतो, व्यंजनान्त धातूला 'उल' लागतो : 'मॉक' (खाणे) पासून 'मॉगुल कॉयेयो'. धातूच्या शेवटी मुळातच 'ल' असेल तर काहीच जोडावे लागत नाही : 'साल' (राहणे), 'साल कॉयेयो'. यातला 'कॉ' लिहिताना 'गॉ' असतो, पण उच्चार आपल्या 'क'सारखा घट्ट होतो.

या रूपाची फोड मराठी विद्यार्थ्याला विशेष गोड वाटेल. 'नेइल गाल साराम' म्हणजे 'उद्या जाणारा माणूस'. म्हणजे 'गाल' हे 'जाणारा' यासारखे विशेषण होय. 'कॉ' म्हणजे वस्तू किंवा गोष्ट, आणि 'येयो' म्हणजे आहे. शब्दशः 'जाणार गोष्ट आहे'. आपले 'जाणार आहे' हेही अशाच घडणीचे आहे. मात्र साम्य येथेच थांबते. 'रोज जाणारा माणूस' यासाठी कोरियनमध्ये 'गानुन' हे निराळे रूप आहे.

हेच रूप दुसऱ्याविषयी वापरले की अंदाज होतो. 'गास्सुल कॉयेयो' म्हणजे 'गेला असेल'. गोष्ट भूतकाळातली आणि प्रत्यय भविष्याचा! पण आपल्या 'असेल'मध्ये तरी दुसरे काय आहे? तेही ईलाख्यातच.

३. 'गेस्स' : समोर दिसते त्यावरून, किंवा मनाच्या निश्चयावरून

आभाळ भरून आलेले पाहून कोरियन माणूस म्हणतो, 'बीगा ओगेस्सॉयो', पाऊस येईलसे दिसते. समोर ताट येताच, घास घेण्यापूर्वी तो म्हणतो, 'माशित्केस्सॉयो', चविष्ट असेल. दमून आलेल्याला म्हणतात, 'फीगोनहाशिगेस्सॉयो', 'थकला असाल'. येथे उद्याचा संबंधच नाही. डोळ्यांसमोरच्या खुणेवरून केलेला तर्क आहे.

कर्ता 'मी' असेल तर तोच प्रत्यय निश्चय दाखवतो : 'गागेस्सुम्निदा', मी जाईन. क्रियापदात पुरुष नसल्यामुळे हा फरक संदर्भावरून ओळखायचा. समोरच्याला प्रश्न विचारताना तो इच्छा विचारतो. पाहुण्याला 'म्वॉल दुशिगेस्सॉयो?' म्हणतात, म्हणजे 'काय घ्याल?' आपणही पाहुण्याला 'काय घेणार आहात?' असे विचारत नाही; 'काय घ्याल?' असेच विचारतो. त्या दोहोंतले अंतर ज्याला कळते, त्याला 'गेस्स' कळला.

जेवणापूर्वीचे 'जाल मॉक्केस्सुम्निदा' (शब्दशः 'चांगले खाईन') आणि 'बरं, समजलं' या अर्थाचे 'आल्गेस्सुम्निदा' ही याच प्रत्ययाची रोजची रूपे. ती तशीच पाठ करावीत.

४. 'ल्केयो' : समोरच्याला दिलेला शब्द

एकदा वर्गात बाईंनी विचारले, फळा कोण पुसतंय? मी उठून म्हणालो, 'हाल कॉयेयो' ('हा' म्हणजे करणे). व्याकरण बरोबर होते. पण मी ते काम आधीच ठरवून आलो होतो असा त्याचा अर्थ झाला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, 'हाल्केयो.' मराठीत मी 'पुसणार आहे' असे म्हटलेच नसते; 'थांबा, मी पुसतो' असेच म्हटले असते. माझी गाडी अडली ती 'विल'पाशी.

'जेगा हाल्केयो' म्हणजे 'मी करतो'. ऐकणाऱ्याकडे पाहून आपल्या अंगावर काम घेणे हा त्याचा गाभा. म्हणून तो 'मी' किंवा 'आम्ही' यांनाच लागतो. 'तो येईल' यासाठी चालत नाही आणि प्रश्नातही येत नाही. पहिल्या प्रकारालाही मराठीत 'जातो' आणि यालाही 'करतो', मग ओळखायचे कसे? वाक्याच्या शेवटी 'हं' लावून पाहावा. 'उद्या फोन करतो हं' म्हटल्यावर जो शब्द दिला जातो, तो 'जॉन्ह्वाहाल्केयो'.

उजळणीसाठी तीन वाक्ये देतो. कोणता प्रकार, ते आधी स्वतः ठरवावे : (अ) सुटीत काय करणार? (आ) बाळ भुकेलं असेल, रडतंय बघा. (इ) तुमची पिशवी मी घेतो. उत्तरे अनुक्रमे दुसरा, तिसरा, चौथा.

घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या आम्हा मुलांना वाटते की परकी भाषा म्हणजे आधी इंग्रजीचा जिना चढायचा आणि मग पलीकडे उतरायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचेही नाव आहे. उद्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत ती शिकवायची झाली, तर तिचे पहिले पुस्तक मराठीतून विचार करून लिहिलेले असावे. 'काय घेणार' आणि 'काय घ्याल' यांतला फरक त्या मुलांना शिकवावा लागणार नाही. तो त्यांच्या आईने कधीच शिकवलेला असतो.