कर्जतमध्ये नगरसेवकपदासाठी उभं राहायचंय

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. पुढच्या वेळी कर्जत नगरपंचायतीला उभी राहीन म्हणते. तयारी कुठून करू?
– एक वाचक, कर्जत (जि. अहिल्यानगर)

उत्तर : ताई, जरूर उभ्या राहा. आधी कागदपत्रं बघा. वय किमान २१ हवं आणि नाव शहराच्या मतदार यादीत हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील, तर उमेदवारी अपात्र ठरते. नगरपंचायतीच्या ठेक्यात तुमची भागीदारी नको. घरपट्टी-पाणीपट्टी आजच भरून पावत्या जपून ठेवा. घरात शौचालय वापरात असल्याचा पुरावाही लागतो. आरक्षित जागा लढवायची असेल तर जात पडताळणी आत्ताच सुरू करा. ऐन वेळी तिथंच गाडी अडते.

कर्जतमध्ये १७ प्रभाग आहेत आणि प्रत्येकातून एकच नगरसेवक निवडून जातो. उमेदवार शहरातल्या कुठल्याही प्रभागाचा मतदार चालतो, सूचक मात्र लढवायच्या प्रभागातलाच लागतो. म्हणून आरक्षण सोडतीआधी एकाच प्रभागावर विसंबू नका.

मतदार यादी घेऊन गल्लीगल्लीतून फिरा. प्रत्येक नावापुढे लिहा : नळाला पाणी कधी येतं, गटार कुठं तुंबतं, दिवा कुठला बंद आहे. तोच तुमचा जाहीरनामा. छोट्या प्रभागात एकेका घराचं मत मोलाचं असतं.

खर्च रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावाच लागतो, हरलात तरीही. गल्लीची नड जाणणारी माणसं सभागृहात हवीतच. मनापासून शुभेच्छा!