जीबीएस : वयानुसार पालटणारा आजार

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील शक्ती एकाएकी नाहीशी होणारे रुग्ण आढळू लागले आणि गुलेन बॅरे सिंड्रोम, अर्थात ‘जीबीएस’, हे नाव घरोघरी पोहोचले. पुणे व परिसरातील निश्चित आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. सातारा व सांगली जिल्ह्यांतही रुग्ण आढळले. एरव्ही हा आजार विरळा. एक लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी एक-दोघांनाच तो होतो.

दूषित पाण्यातून अथवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून ‘कॅम्पायलोबॅक्टर’ नावाचा जंतू पोटात जातो. पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत तो सापडला होता. शरीर त्याच्याशी झुंजते. परंतु जंतूच्या व मज्जातंतूंच्या रचनेत काही साम्य असल्याने क्वचित प्रसंगी रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. जुलाब थांबून एक-दोन आठवडे लोटल्यावर पायांना मुंग्या येतात आणि अशक्तपणा खालून वर चढू लागतो.

हा आजार कोणत्याही वयात होऊ शकतो. वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते आणि स्वरूपही पालटते. लहान मूल मुंग्या येतात असे सांगू शकत नाही. ते पाय दुखतात म्हणून रडते, चालण्यास नकार देते आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. मुलांचे मज्जातंतू लवकर सावरतात. त्यामुळे वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक मुले पूर्ववत चालू लागतात. पंधरा वर्षांखालील मुलात असा लुळेपणा दिसताच आरोग्य केंद्रास कळविणे अगत्याचे असते. पोलिओ नाही याची खात्री त्यामुळेच करून घेता येते.

साठीपुढील रुग्णाची कथा निराळी. पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या, अशक्तपणा वयाचा, अशी समजूत करून घेतली जाते आणि मोलाचे दिवस निघून जातात. या वयात मज्जातंतूंची झीज भरून येण्यास अधिक काळ लागतो. त्यातच रक्तदाब व हृदयविकार यांची भर पडते, आणि दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो. रुग्ण पुन्हा कधी चालू लागेल याचा अंदाज बांधताना डॉक्टर वयाला महत्त्व देतात, ते याच कारणाने.

या आजारावर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने अथवा रक्तद्रव बदलण्याची प्रक्रिया, असे दोन उपचार आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत ते सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतात. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज भासते. म्हणून गिळताना ठसका लागणे वा धाप लागणे ही लक्षणे दिसताच रात्रीची सकाळ होण्याची वाट पाहू नये. रुग्णास मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात तातडीने हलवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचारांचा समावेश आहे.

कृष्णाकाठी पूर ओसरल्यावर असो, वा माण, जत, आटपाडीत टँकरचे पाणी येते तेव्हा असो, पाणी उकळूनच प्यावे. आणि नातू चालत नाही म्हणून त्याला रागावण्यापूर्वी, किंवा आजोबांना उठवत नाही ते वयामुळेच असे म्हणण्यापूर्वी, एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्याभरात यांना जुलाब झाले होते काय? उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, वाढत जाणारा अशक्तपणा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा.