नफा मोठा की गुणोत्तर मोठे?

लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला तर तो बुडतो आणि वाळलेल्या सागाचा भला मोठा ओंडका मात्र तरंगतो. ओंडका खिळ्यापेक्षा कितीतरी जड असूनही असे का होते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. बुडणे वा तरंगणे नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही. वस्तुमानाला आकारमानाने भागून जी घनता मिळते तिच्यावर ते ठरते. एकटी संख्या जे सांगू शकत नाही, ते दोन संख्यांचे गुणोत्तर सांगते.

पैशांच्या व्यवहारातही हेच खरे आहे. 'अमुक कंपनीला ४० लाख रुपये नफा झाला' असे वाचले की कंपनी उत्तम असावी असे वाटते. पण हा नफा किती पैसे गुंतवून मिळाला? कंपनीच्या डोक्यावर देणी किती? हे न विचारता घरातली बचत तिच्या शेअरमध्ये गुंतविणारा मनुष्य, 'खिळा हलका आहे, म्हणून तो तरंगेल' असे म्हणणाऱ्यासारखाच फसतो. म्हणून आज आपण कंपनीची काही गुणोत्तरे काढू. त्यासाठी भागाकार आला म्हणजे पुरे.

दोन काल्पनिक कारखाने घेऊ. दोघेही सायकलींचे सुटे भाग बनवितात. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत.

वर्षाची विक्री : क – ५००, ख – ३००
निव्वळ नफा : क – ४०, ख – ३०
एकूण मालमत्ता : क – ४००, ख – १५०
त्यांपैकी चालू मालमत्ता : क – १५०, ख – ६०
चालू देणी : क – ७५, ख – ८०
दीर्घ मुदतीचे कर्ज : क – १२५, ख – २०
स्वनिधी : क – २००, ख – ५०

पहिले दोन आकडे नफा-तोटा पत्रकात सापडतात, बाकीचे ताळेबंदात. रोकड, शिलकी माल, गिऱ्हाइकांकडून येणे अशी वर्षभरात पैशांत रूपांतर होणारी मालमत्ता ती चालू मालमत्ता, आणि वर्षभरात फेडावयाची ती चालू देणी. भागधारकांनी घातलेले भांडवल आणि कंपनीत राखून ठेवलेला नफा मिळून स्वनिधी होतो. चालू देणी, कर्ज आणि स्वनिधी यांची बेरीज करून पाहा. ती एकूण मालमत्तेइतकीच येते. ताळेबंदाचा तराजू नेहमी समतोल असतो.

आता नफ्याला विक्रीने भागा. क चे उत्तर ८ टक्के, तर ख चे १० टक्के येते. म्हणजे १०० रुपयांच्या विक्रीमागे ख ला १० रुपये उरतात. यानंतर विक्रीला एकूण मालमत्तेने भागा. क चे उत्तर १.२५ आणि ख चे २ येते. मालमत्तेच्या एका रुपयावर ख वर्षाकाठी दोन रुपयांची विक्री करतो.

या दोन गुणोत्तरांचा गुणाकार केला तर काय होईल? पहिल्याच्या छेदात विक्री आहे, दुसऱ्याच्या अंशात विक्री आहे. ती छेदली जाते आणि उरते नफा भागिले मालमत्ता. क साठी ८ × १.२५ = १० टक्के, ख साठी १० × २ = २० टक्के. ही मांडणी अमेरिकेतील दुपाँ कंपनीत काम करणाऱ्या डोनाल्डसन ब्राऊन यांनी १९१० नंतरच्या दशकात रूढ केली. ब्राऊन शिक्षणाने विद्युत अभियंते होते! नफ्याचे प्रमाण घटले तर दोष कशात आहे, विक्रीतून कमी उरते की यंत्रे आणि माल नुसता पडून राहतो, हे या फोडीवरून कळते.

भागधारकाला मात्र आपल्या पैशांवर किती मिळाले हे हवे असते. म्हणून नफ्याला स्वनिधीने भागू. क चे २० टक्के, ख चे तब्बल ६० टक्के! मग सारे पैसे ख मध्ये घालावेत काय?

थोडे थांबा. ख चे २० टक्क्यांचे ६० टक्के कसे झाले? मालमत्तेला स्वनिधीने भागा : क २, ख ३. येथे उसना पैसा तरफेसारखे काम करतो. पण तरफ दोन्ही बाजूंना सारखीच चालते. समजा, दोघांच्याही मालमत्तेचे मूल्य १० टक्क्यांनी घटले. क चे ४० लाख गेले, म्हणजे स्वनिधीचा २० टक्के भाग. ख चे १५ लाखच गेले, पण तो त्याच्या स्वनिधीचा ३० टक्के भाग आहे.

आता चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागा. याला चालू गुणोत्तर म्हणतात. क चे २ येते. ख चे येते ०.७५. वर्षभरात ८० लाख फेडावयाचे आणि हाताशी येणारे ६० लाख. नफ्यात असलेला कारखानाही देणी वेळेवर न चुकविल्यामुळे अडचणीत येऊ शकतो. रोज रोख गल्ला जमणाऱ्या दुकानाचे एवढ्यावर भागेलही. उधारीवर माल देणाऱ्या कारखान्याचे भागणे कठीण. म्हणून तुलना नेहमी एकाच धंद्यातील कंपन्यांची करावी. तसेच ताळेबंद हे ३१ मार्चसारख्या एका दिवसाचे छायाचित्र असते, हे ध्यानात ठेवून निदान तीन-चार वर्षांची गुणोत्तरे शेजारी मांडावीत.

प्रयोगशाळेतील एक नियम येथेही लागू आहे : वाचन चुकले तर भागाकार कितीही बिनचूक असला तरी उत्तर चुकीचेच. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचे कबूल केले. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत विक्री २,७०० कोटी आणि व्यवसायातील नफा ६४९ कोटी दाखविला होता. भागाकार करा : २४ टक्के. पत्राप्रमाणे खरे आकडे होते २,११२ कोटी आणि ६१ कोटी. पुन्हा भागाकार करा : जेमतेम ३ टक्के. पुस्तकात दाखविलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ज्यांनी २४ टक्के काढले त्यांचे गणित बरोबर होते; त्यांच्या हाती दिलेली मापेच खोटी होती.

यावर उपाय वैज्ञानिकाचाच : एक माप दुसऱ्या स्वतंत्र मापाने पडताळणे. बँकेत मोठी शिल्लक असेल तर त्या मानाने व्याज मिळाले आहे काय? नफा वाढतो आहे, तर धंद्यातून प्रत्यक्ष रोकडही वाढते आहे काय? दोन मापे जुळली नाहीत, तर कारण कळेपर्यंत त्या कंपनीपासून दूर राहावे.

करून पाहा : ग या कारखान्याची विक्री ८००, नफा २४, मालमत्ता २०० आणि स्वनिधी १०० लाख रुपये आहे. वरील चार गुणोत्तरे काढा : नफा भागिले विक्री, विक्री भागिले मालमत्ता, नफा भागिले मालमत्ता आणि नफा भागिले स्वनिधी. चालू गुणोत्तर काढण्यासाठी आणखी कोणते दोन आकडे मागून घ्याल? त्यानंतर शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल मिळवून हेच पुन्हा करा.

(उत्तरे : ३ टक्के, ४, १२ टक्के, २४ टक्के. चालू मालमत्ता आणि चालू देणी.)